घरट्याचा खर्च

वरई-नागलीची कापणी उरकली की वांगणीच्या वरकस जमिनींवर कापशीची राखण सुरू होते. कावळ्याहून लहान, राखाडी-पांढरा पक्षी. खांद्यावर काळा पट्टा, डोळे लालभडक. जव्हार-मोखाड्याच्या पठारावर तिला ओळखायला पुस्तक लागत नाही, कारण तिच्या पद्धतीने शिकार करणारे पक्षी मोजकेच आहेत. ती हवेत एका जागी पंख मारत थांबते, मान खाली घालते, थोडी उतरते, पुन्हा थांबते आणि मग पंख वर धरून, पाय सोडून गवतात उतरते. खालून पाहणाऱ्याला हे सगळं सहज वाटतं. वास्तविक असं एका जागी तरंगत राहणं हे पक्ष्याच्या सर्वांत महागड्या कामांपैकी एक आहे. विजेच्या तारेवर किंवा वाळक्या झाडाच्या शेंड्यावर बसून उंदराची वाट पाहणं कितीतरी स्वस्त, आणि कापशीला तेही उत्तम जमतं. दोन्ही वाटा मोकळ्या असताना पक्षी महागडी वाट केव्हा धरतो आणि त्याची किंमत कोण, कधी चुकवतं, हे समजलं की शिकारी पक्ष्यांच्या वागण्यातल्या कितीतरी गोष्टी उलगडतात. मादी नराहून मोठी का, अंडी एक की चार, विणीचा हंगाम पावसाळ्याआधी का, या सगळ्यांच्या मुळाशी हाच जमाखर्च आहे.

कापशीच्या शिकारीचा आणि ऊर्जेच्या हिशोबाचा अभ्यास वॉरविक टार्बोटन यांनी दक्षिण आफ्रिकेत केला आणि १९७८ साली प्रसिद्ध केला. पण या विषयावरचं सर्वांत खोल काम झालं ते खरुचीवर. खरुची आपल्यालाही परकी नाही. सह्याद्रीच्या कड्यांमधल्या कपारींत ती घरटी करते आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या खरुचींची त्यांत भर पडते. कापशीसारखीच तीही हवेत एका जागी थांबून उंदीर, सरडे, टोळ शोधते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात रुडी ड्रेंट, सर्ज डान, कोर डाइक्स्ट्रा, डिर्कयान मासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या एका पक्ष्याला वर्षानुवर्षं वाहून घेतलं. समुद्र हटवून मिळवलेल्या सपाट जमिनींवर त्यांनी खांबांवर लाकडी पेट्या बसवल्या, त्यांत खरुचींनी संसार मांडले, आणि एकेका नराचा दिवस उजाडल्यापासून अंधारेपर्यंत मिनिटामिनिटाने नोंदवला गेला. इतक्या चिकाटीने पाहिलेले शिकारी पक्षी जगात फार थोडे असतील.

रानात मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्याने दिवसभरात किती ऊर्जा खर्च केली हे मोजायचं कसं? यासाठीची युक्ती १९५०च्या दशकात अमेरिकेत नेथन लिफ्सन यांनी शोधली. पक्ष्याला पकडून त्याच्या अंगात थोडंसं खास पाणी टोचायचं. या पाण्यातला हायड्रोजनही नेहमीपेक्षा जड आणि ऑक्सिजनही जड. रक्ताचा एक थेंब घेऊन पक्ष्याला सोडून द्यायचं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पकडून दुसरा थेंब घ्यायचा. जड हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो फक्त पाण्यावाटे. जड ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोन्ही किती वेगाने कमी झाले यातला फरक काढला की पक्ष्याने किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला ते कळतं, आणि त्यावरून किती इंधन जळलं ते. पक्ष्याच्या पाठीवर कसलंही यंत्र नाही, पिंजरा नाही. तो त्याचं नेहमीचं आयुष्य जगत असतो आणि हिशोब त्याच्या रक्तात लिहिला जातो.

त्यातून आलेलं चित्र असं. पक्षी काहीही न करता, उपाशीपोटी, सुखद तापमानात शांत बसला असेल तर श्वास, हृदय, शरीराची ऊब यांसाठी जी ऊर्जा लागते तिला आपण मूळ खर्च म्हणू. खरुचीला उडताना मूळ खर्चाच्या दहापटीहून जास्त ऊर्जा लागते. हिवाळ्यात नर बहुतेक वेळ बसून शिकार करतो. मिळकत थोडी, पण खर्चही थोडा. घरट्यात पिल्लं आली की तो हवेत उतरतो, कारण उडत केलेल्या शिकारीत तासाला मिळणारे उंदीर कितीतरी अधिक असतात. स्वतःच्या एका पोटापुरता वेळ पुरत होता. आता सहा-सात पोटांसाठी वेळच अपुरा पडतो. या दिवसांत नर रोज चार-साडेचार तास प्रत्यक्ष उडत असतो आणि त्याचा दिवसाचा एकूण खर्च मूळ खर्चाच्या सुमारे चौपट होतो. दोनशे ग्रॅमच्या पक्ष्यासाठी हे जवळजवळ ४०० किलोज्यूल, म्हणजे ९५ किलोकॅलरी. वजनाच्या प्रमाणात पाहिलं तर साधारण काम करणाऱ्या माणसाच्या दहापटीहून जास्त.

ड्रेंट आणि डान यांनी १९८० साली एक मोठा विचार मांडला. पिल्लांना भरवणाऱ्या निरनिराळ्या पक्ष्यांचे आकडे शेजारी ठेवले तर बहुतेक पालक मूळ खर्चाच्या चौपटीच्या आसपास येऊन थांबतात. त्यापलीकडे रोजच्या रोज काम करत राहणं शरीराला झेपत नाही: अन्न पचवण्याला मर्यादा आहे, स्नायूंना आहे, आणि अंगातली चरबी जाळून भागवावं तर ती काही दिवसांत संपते. फ्रान्समधल्या तूर द फ्रान्स शर्यतीतले सायकलपटू तीन आठवडे चौपट ते पाचपट खर्च करतात, असं याच पद्धतीने मोजलं गेलं आहे, आणि त्यांच्या मागे स्वयंपाकी, डॉक्टर, मालिश करणारे असा ताफा असतो. खरुचीचा नर हे काम एकट्याने करतो. चार हा आकडा काही अटळ नियम नव्हे. पुढच्या अभ्यासांत त्याहून वर जाणारे प्राणीही सापडले. पण मर्यादा आहे आणि ती पक्ष्याच्या शरीरातच आहे, हा मुद्दा टिकून राहिला.

मग ती ओलांडली तर? डाइक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी काही घरट्यांतली दोन पिल्लं काढून दुसऱ्या घरट्यांत ठेवली. वाढीव पिल्लांच्या आईबापांनी हात आखडला नाही. ते अधिक उडाले, अधिक शिकार आणली, आणि त्या वर्षी त्यांनी अधिक पिल्लं मोठी केली. फक्त त्या वर्षाचा हिशोब पाहिला असता तर मोठा संसार फायद्याचा ठरला असता. पण या पक्ष्यांच्या पायात कडी होती, आणि मेलेले पक्षी ज्यांना सापडले त्यांनी ते कळवले. १९९६ साली डान, डीरेनबर्ग आणि डाइक्स्ट्रा यांनी या नोंदींचा निकाल जाहीर केला: मेल्याचं कळलेल्या पक्ष्यांमध्ये, वाढीव पिल्लं सांभाळलेल्या पालकांपैकी ६० टक्के पहिला हिवाळा संपायच्या आतच मेले होते, नेहमीइतकी किंवा कमी पिल्लं असलेल्यांमध्ये हे प्रमाण २९ टक्के होतं. जून-जुलैत केलेल्या कष्टांची किंमत डिसेंबर-जानेवारीत चुकवली गेली. पावसाळ्याच्या तोंडी घरातलं बी-बियाणं दळून खावं आणि त्याचा फटका पुढच्या कापणीला बसावा, तसं. घरट्याकडे पाहणाऱ्याला हा खर्च दिसतच नाही, कारण तो पडतो तेव्हा घरटं केव्हाच रिकामं झालेलं असतं. शिकारी पक्ष्यांविषयी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

आता मादीकडे वळू. आतापर्यंत नरच राबताना दिसला, पण मादी आयती बसलेली नसते. शिक्र्याची जोडी जवळ बसलेली पाहिली तर मादी ठळकपणे मोठी दिसते. इतर बहुतेक पक्ष्यांत उलट किंवा बरोबरी असते. चपळ शिकार करणाऱ्या पक्ष्यांत, ससाण्यांत, घुबडांत मादी मोठी. याचं कारण काय यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण कामाच्या वाटणीशी त्याचा संबंध आहे असं बहुतेकांना वाटतं आणि मलाही तेच पटतं. लहान शरीराला उडणं स्वस्त पडतं, म्हणून शिकार त्याच्याकडे. मोठ्या शरीरात चरबी साठते, अंडी ऊबदार राहतात, घरट्याचं रक्षण होतं, म्हणून घर तिच्याकडे. इयान न्यूटन यांनी दक्षिण स्कॉटलंडमध्ये शिक्र्याच्या युरोपीय भाऊबंदांचा, स्पॅरोहॉकचा, वर्षानुवर्षं अभ्यास केला. अंडी घालण्याआधी काही आठवडे मादी शिकार जवळजवळ सोडूनच देते, नर आणून देईल त्यावर जगते आणि वजन वाढवते. ज्या मादीचं वजन पुरेसं वाढत नाही ती त्या वर्षी अंडी घालतच नाही. म्हणजे अंडी किती आणि केव्हा, हे ठरतं ते आधीच्या महिन्यात नराने किती आणलं त्यावर. डच खरुचींना अंड्यांच्या आधी जादा उंदीर पुरवले तेव्हा त्यांनी अंडी लवकर घातली, आणि लवकर घातलेल्या अंड्यांतूनच जास्त पिल्लं जगतात.

काटकसरीची आणखी एक रीत याच अभ्यासात दिसली. खरुची दिवसा मारलेले काही उंदीर गवतात दडवून ठेवते आणि संध्याकाळी परत येऊन खाते. भरल्या पोटाने उडणं म्हणजे जादा ओझं वाहणं; ते दिवसभर वाहण्यापेक्षा झोपायच्या आधी खाल्लेलं बरं. रात्रीची ऊबही त्यातूनच मिळते.

नेदरलँड्सचा हिशोब जसाच्या तसा जव्हारला लागू होत नाही. तिथे जूनमध्ये सतरा तास उजेड असतो. आपल्याकडे, विसाव्या अक्षांशाच्या जवळ, फेब्रुवारीत साडेअकरा तास मिळतात. उष्ण प्रदेशातल्या पक्ष्यांची अंडी कमी का, याचं एक कारण डेव्हिड लॅक यांनी १९४०च्या दशकात हेच सांगितलं होतं: भरवायला दिवसच लहान. साप, मुंगसं, माकडं घरटी लुटतात म्हणून कमी अंडी, असंही एक उत्तर आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी खरी असावीत. पण जव्हार-मोखाड्याच्या पक्ष्यांच्या डोक्यावर याहून मोठी एक गोष्ट असते, ती म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर इथे जो पाऊस कोसळतो त्यात आकाशात उंच तरंगून शिकार शोधणाऱ्या पक्ष्याचं काम जवळजवळ बंद पडतं.

सर्पगरुडाचं वेळापत्रक पाहिलं की हे लक्षात येतं. सकाळी नऊ-दहापर्यंत तो झाडावर बसून असतो. डोंगरउतार तापले, गरम हवा वर चढू लागली की त्या हवेवर पंख पसरून, गोल फिरत, शीळ घालत तो वर जातो. पंख न मारता वर चढणं हा जवळजवळ फुकटचा प्रवास. हिवाळ्यात जोडी जमते, उन्हाळ्याच्या आरंभी ओहोळाकाठच्या उंच झाडावर काटक्यांचं घरटं होतं आणि त्यात एकच अंडं. सुमारे सहा आठवडे उबवणं, मग पिल्लू उडेपर्यंत साधारण दोन महिने. हे सारं पावसाआधी उरकायचं असतं. हंगामाच्या मध्यावर घरटं मोडलं तर पुन्हा सुरुवात करायला वर्षात दिवस उरत नाहीत. आणि हेच महिने राबासाठी फांद्या तोडायचे, मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळायचे, वणव्यांचे. गावाला दोष देण्यात अर्थ नाही. राबाशिवाय या उतारांवरची भात-नागली कशी रुजायची? पण ओहोळाकाठची जुनी, उंच झाडं तेवढी या काळात निवांत राहिली, तर सर्पगरुडाचं निम्मं काम होतं.

मर्यादेच्या आत राहायचं, पण पुढचे दोन महिने कसे जातील ते आधी ठाऊक नसतं. मग अंडी किती घालावीत? कापशी तीन-चार घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला लागते, त्यामुळे पिल्लं एका दिवशी फुटत नाहीत; थोरलं आणि धाकटं यांच्यात काही दिवसांचं अंतर पडतं. उंदीर भरपूर असले तर सगळी वाढतात. नसले तर धाकटं मागे पडतं आणि मरतं, पण थोरली वाचतात. सगळ्यांना थोडंथोडं देऊन सगळीच अशक्त होत नाहीत. काही गरुडांत हे काम आईबापांवर न राहता भावंडांवरच येतं. झिम्बाब्वेच्या मातोबो टेकड्यांत व्हॅलरी गारगेट यांनी व्हेरोच्या गरुडाचा अभ्यास केला, तेव्हा थोरल्या पिल्लाने धाकट्याला तीन दिवसांत हजाराहून जास्त वेळा टोचून मारल्याची नोंद झाली. दुसरं अंडं तिथे केवळ पहिलं फुटलं नाही तर असावं म्हणून घातलेलं असतं.

याच प्रकारची एक नोंद महाराष्ट्रातली आहे, आणि ती रानपिंगळ्याची. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसलं नव्हतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. २०१४ साली ते तानसा अभयारण्यात दिसलं, आणि हे अभयारण्य शहापूर, वाडा आणि मोखाडा या तालुक्यांत पसरलेलं आहे; म्हणजे रानपिंगळा आपल्या वाटेवरच आहे. मादी झाडाच्या ढोलीत अंडी उबवते, नर सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणून देतो. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात रानपिंगळ्याच्या पालकानेच आपलं पिल्लू खाल्ल्याची नोंद आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण याला क्रौर्य म्हणणं मला बरोबर वाटत नाही. जे पिल्लू वाचणार नाही त्यात गुंतलेली ऊर्जा शरीरात परत घेणं, एवढाच त्याचा अर्थ असावा. ज्या पक्ष्याकडे एकही जादा शिकार नाही, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा आपण कोणत्या हक्काने करणार?

या सगळ्या हिशोबाचं दुसरं टोक म्हणजे गिधाड. जव्हार-मोखाड्याच्या शेजारी, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. उडण्यात त्यांच्याइतकं काटकसरी कुणी नाही. फ्रान्समध्ये प्रशिक्षित गिधाडांच्या हृदयाचे ठोके उडताना मोजले गेले आणि २०१४ साली ते प्रसिद्ध झाले: झेप घेताना ठोके तिपटीने वाढतात, पण दहा मिनिटांत, तरंगायला लागल्यावर, ते बसलेल्या पक्ष्याइतके खाली येतात. नर-मादी सारख्याच आकाराचे. दोघं पाळीने उबवतात, दोघं अन्न आणतात, कारण चपळाईने काही पकडायचंच नसतं. पोटात भरून आणायचं आणि पिल्लापुढे ओकायचं. मग एवढ्या स्वस्त जगणाऱ्या पक्ष्याला चार अंडी का परवडू नयेत? कारण मेलेलं जनावर कुठे आणि केव्हा मिळेल याचा नेम नाही. आज पोटभर, मग कित्येक दिवस काहीच नाही. अशा मिळकतीवर एकच पिल्लू सांभाळता येतं, आणि तेही सावकाश: जवळजवळ पन्नास दिवस उबवणं, पुढे साडेतीन महिने घरट्यात. वयात यायलाच पाच वर्षं लागतात.

आकडे मांडून पाहू. समजा एका जोडीचं दोन वर्षांतून एक पिल्लू उडतं, आणि उडालेल्या चारांतलं एक पाचव्या वर्षापर्यंत टिकतं. त्या जोडीची जागा घ्यायला दोन पक्षी हवेत, म्हणजे आठ पिल्लं, म्हणजे सोळा वर्षांची वीण. कापशी हेच एका चांगल्या उंदरांच्या वर्षात साधू शकते. दक्षिण आफ्रिकेत तर कापशीची मादी पिल्लं उडायला लागली की ती नरावर सोपवून दुसऱ्या नराबरोबर नवा संसार मांडतानाही दिसली आहे. गिधाडाचा सारा डाव दीर्घायुष्यावर आहे. म्हणूनच डायक्लोफेनॅकने घात केला. २००४ साली लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हे वेदनाशामक दिलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. हजारात एक ते आठ मृत जनावरांत जरी ते असलं तरी गिधाडांची संख्या कोसळायला तेवढं पुरतं, असं गणित त्याच सुमारास मांडलं गेलं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीची जवळजवळ ९७ टक्क्यांनी घटली. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवर यायला २०२३ उजाडलं. मधल्या सतरा वर्षांचा उशीर मला अक्षम्य वाटतो, कारण प्रत्येक मेलेल्या जुन्या जोडीमागे सोळा-सोळा वर्षांची भरपाई उभी राहते.

हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभाग आणि गावकरी मिळून गिधाडांसाठी जनावरं टाकतात. औषध न दिलेलं मांस, ठरलेल्या जागी. पिल्लू असलेल्या जोडीचे शोधण्याचे तास वाचतात, उपासाचे दिवस कमी होतात, आणि विषारी जनावर खाण्याची शक्यता घटते. पण तिथे कितीही अन्न पुरवलं तरी मादी वर्षाला दुसरं अंडं घालणार नाही, आणि पिल्लू पाच वर्षांच्या आत वयात येणार नाही. म्हणून या कामाचा निकाल पाहायचा तर दरवर्षीच्या पिल्लांची मोजदाद पुरेशी नाही. कड्यावरच्या त्याच कपारीत, त्याच जोड्या, आणखी दहा वर्षांनी विणीला बसतात का, हे नोंदवत राहावं लागेल.